मलेरियाची नसलेली वही

संपादकांनी मला डासांवर लिहायला सांगितलं होतं. "तुम्ही मलेरिया खात्यात जन्म काढलात, दिवाळी अंकासाठी काही गमतीजमती द्या," असं त्यांचं पत्र होतं. गमतीजमती पुष्कळ आहेत, पण डासांवर मी आयुष्यभर एवढे फॉर्म भरले की आता त्यांच्याबद्दल एक ओळही लिहायची इच्छा उरलेली नाही. तेव्हा थोडे डास देतो, आणि मग ज्या कामाचा मला पगार नव्हता, बढती नव्हती, उलट एक मेमो मिळाला, त्या कामाबद्दल लिहितो.

ऐंशीनंतरच्या सात-आठ वर्षांत मी नागपूरच्या उत्तरेला, सौंसर आणि पांढुर्णा या भागात मलेरिया सुपरवायझर होतो. आमचं काम बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं. आमचा कार्यकर्ता दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जाई, कोणाला ताप आहे का विचारी, असल्यास बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेई आणि गोळ्या देई. तो येऊन गेल्याची खूण म्हणून दाराजवळच्या भिंतीवर तारीख आणि सही टाकी. माझं काम त्याच्यामागून फिरून त्या भिंती वाचायचं. गावोगावी मला मलेरियाभाऊ म्हणत. कार्यकर्ता झाडाखाली झोपून महिन्याच्या तारखा एकाच दिवशी टाकून गेला की नाही, हे मला खडूच्या रंगावरून कळे. दुसऱ्यानं लिहिलेलं तपासणं हाच माझा धंदा होता, आणि त्यात मला कोणी फसवू शकत नाही अशी माझी ख्याती होती. ही ख्याती लक्षात ठेवा.

मोहगावात एका गृहस्थानं नवीन चुना मारलेल्या भिंतीवर लिहू द्यायला नकार दिला. आमचा कार्यकर्ता हुशार. त्यानं त्यांच्या घरातल्या सुपाच्या पाठीवर तारखा टाकायला सुरुवात केली. मी तपासणीला गेलो तर त्या घरच्या बाईनं गहू पाखडता पाखडता सूप उलटं करून दाखवलं. सौंसरच्या बाजारात एक म्हातारी बोट टोचून झाल्यावर हात पसरून म्हणाली, "रक्त नेऊन राहिला तं चहा तरी पाज, बावा." मी पाजला. पुढं ती ताप नसतानाही बोट पुढं करू लागली.

आमच्या फॉर्मात तापाचा रकाना होता, झोपेचा नव्हता. या गोष्टीला सुरुवात तिथून झाली.

मोहगावच्या बौद्ध वस्तीत भीमराव आणि विमलताई राहत. भीमराव एका संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला होते. विमलताई बालवाडी चालवत. मी दारातली तारीख तपासत होतो तेव्हा भीमराव बाहेर आले आणि खाली बघत म्हणाले, "ताप नाई जी कोनाले. पन हे चार दिवस झोपलीच नाई. बोलूनच राहिली. काही गोळी असन तं पाहा."

आत विमलताई तीन लुगडी एकावर एक नेसून, वस्तीतल्या बायांना एकत्र बसवून मोहगावात रेल्वे कशी आणायची ते समजावत होत्या. मुद्दे बरे होते. पण मुद्दा संपायच्या आत दुसरा निघे, आणि डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. तीन दिवसांपूर्वी त्यांनी बालवाडीचा महिन्याचा दलिया एका दुपारी सगळ्या गावाला वाटून टाकला होता. त्यावर वरून एक सूचनापत्र आलं होतं: पुन्हा असं झाल्यास कामावरून कमी करण्यात येईल. घरात दोन मुली होत्या, आणि बारा महिने न चुकता येणारा पैसा बालवाडीचाच होता.

मी हे ओळखलं, कारण माझ्या आजोळी एक मामा होते. ते असेच महिनाभर गावाचे राजे असत आणि मग दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडत. राजेपणाच्या काळात त्यांना गोठ्यात बांधून ठेवत. लहानपणी मी त्यांना भाकर नेऊन देत असे, आणि त्यांच्या पायातली दोरी सोडायची मला कधी हिंमत झाली नाही. विमलताईंना मी दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या बसमध्ये बसवलं, ते त्या दोरीपायी.

नागपूरच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला साध्या शब्दांत समजावलं. आज या आजाराला बायपोलर म्हणतात, तेव्हा उन्माद आणि विषाद अशी जोडी सांगत. माणूस काही काळ वर चढतो, झोप लागत नाही, सगळं जमेल असं वाटतं. मग खाली उतरतो, आंघोळीलाही उठवत नाही. मधल्या काळात तो तुमच्या-माझ्यासारखाच असतो, म्हणूनच लोकांना हे सोंग वाटतं. त्यासाठी लिथियमची गोळी होती. गोळी चांगली, पण हिशेबाची. शरीरात ती कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विष. त्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागे. रक्ताशी माझी ओळख जुनी, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

वर्षभरात माझ्या भागातली अशी तीन माणसं त्या डॉक्टरांकडे जाऊ लागली. दुसरे पांढुर्ण्याजवळचे संत्र्याचे बागायतदार देवरावजी. ते चढले की दिलदार होत. एकदा सौंसर-पांढुर्णा बसमधल्या सगळ्या प्रवाशांना त्यांनी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. मुलगी चौथीत होती. वीसेक माणसं सांगितलेल्या दिवशी खरंच आली, आणि देवरावजींच्या बायकोनं सगळ्यांना जेवू घातलं. तिसरे तिगावचे रेल्वे गेटमन रामदासजी. ते फारसे चढत नसत, फक्त उतरत, आणि उतरल्यावरही फाटक वेळेवर लावत. त्यांच्याबद्दल मला तेव्हाही आदर होता.

डॉक्टर म्हणाले, "ही माणसं महिन्यातून एकदा एकत्र बसली तर माझ्या औषधाइतकंच काम होईल. ज्याला हे झालंय त्याचंच दुसरा ऐकतो." सूचना बरोबर होती. पण तिगावचा माणूस फाटक सोडून येणार कसा? विमलताई बालवाडी बंद करून कुठल्या कारणानं पांढुर्ण्याला जाणार? आणि त्यांना काय झालंय हे गावाला कळलं तर लहान मुलं त्यांच्याकडे कोण पाठवणार? माणसं फिरू शकत नव्हती. फिरत मी होतो. म्हणून मी दोनशे पानांची एक वही आणली, तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: मलेरिया रजिस्टर. ती माझ्या पिशवीतून एका घरून दुसऱ्या घरी जाऊ लागली. प्रत्येकानं ठेवून घ्यायची, आधीचं वाचायचं, आपलं लिहायचं, माझ्या पुढच्या फेरीला परत द्यायची. मलेरियाच्या रजिस्टरात डोकावून पाहावं असं आजवर कोणालाही वाटलेलं नाही, त्यामुळे वही सुरक्षित होती.

पहिल्या दोन पानांवर डॉक्टरांनी सांगितलेल्या सूचना मी माझ्या हातानं लिहिल्या. गोळी कधीही चुकवू नका. झोपेची वेळ ठरवून ठेवा. पाणी भरपूर प्या, मीठ बंद करू नका. अशा बारा ओळी. कारणं लिहिली नाहीत. सरकारी माणसाला सूचनेखाली कारण लिहायची सवय नसते.

आणि एक नियम मी स्वतःला घातला. वही फक्त त्या तिघांची. मी तिचा हमाल. मी एकही पान वाचणार नाही. हे मी तिघांनाही त्यांच्या घरी बसून छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. वही पिशवीत आठ-आठ दिवस असे, बसमध्ये मांडीवर असे, पण मी कव्हर उचललं नाही. या संयमाचा मला फार अभिमान होता. बायकोलाही सांगून झालं होतं.

वहीनं काम केलं, हे मला माणसांवरून दिसे. रामदासजी एकदा फाटकावर उभे राहून म्हणाले, "त्या बाईनं लिवलं का उतरलं तं पयले नुसतं तोंड धुवाचं, बाकी दिवस मंग पाहू. मी धुतो आता. काम होते." विमलताईंच्या घरी दाराआडच्या भिंतीवर आमच्या तारखांच्या खाली भीमराव रोज कोळशानं रेघा मारत, जेवढे तास झोप तेवढ्या रेघा. चारच्या खाली गेल्या की नागपूर गाठायचं. ही युक्ती देवरावजींनी वहीत दिली होती, असं भीमरावांनी मला सांगितलं. म्हणजे देवरावजींचं डोकं उत्तम चालत असे. पुढं जे झालं ते वाचताना हे विसरू नका.

लिथियमच्या गोळीची एक खोड आहे. तहान फार लागते, आणि लघवीला सारखं जावं लागतं. देवरावजींना त्याचा बसमध्ये त्रास. विमलताईंचा त्रास मोठा होता, आणि तो मला तेव्हा ठाऊकच नव्हता. बालवाडीला संडास नव्हता. तीस लेकरं सोडून दर तासाला नाल्यापलीकडे जायचं, तेही दिवसाउजेडी, रस्त्यावर माणसं असताना. ही गोष्ट त्या मला, परपुरुषाला, तोंडानं सांगणार नव्हत्या. वहीत त्यांनी लिहिली होती.

आता संत्र्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे मृगाचा बहार घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं माना टाकतात, झाड वाळलं की काय असं नवख्याला वाटतं. मग पाऊस पडला की तेच झाड फुलांनी भरतं. पाणी चालू ठेवलं तर नुसता पाला येतो, फूल येत नाही. आमच्या भागातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता देवरावजींनी वहीत एका बैठकीत अकरा पानं लिहिली. माणसाच्या शरीरालाही ताण पायजे, हा त्यांचा शोध होता. आपण पाणी पितो, म्हणून गोळी पाल्यात जाते. एक महिना जेवण अळणी करा, म्हणजे तहान लागणार नाही. दिवसाला दोन गिलास पाणी. लघवीचा त्रास जाईल, हाताची थरथर जाईल, आणि मृग लागला की पाहा कसा बहार येते. माझी सूचना एका ओळीची होती, त्यांची अकरा पानांची, आणि कारणांसकट. कोणीही त्यांचंच ऐकलं असतं.

जूनच्या तोंडावर, पाऊस यायच्या आधीच्या त्या शेवटच्या भयंकर उन्हात, मी मोहगावला गेलो तेव्हा बालवाडीला कुलूप होतं. घरी गेलो. विमलताई खाटेवर होत्या. उलट्या, जुलाब, हात असे कापत होते की लोटा धरता येत नव्हता. बोलणं दारू प्यालेल्या माणसासारखं जड झालं होतं. शेजारच्या बाया म्हणत होत्या, ऊन लागलं. कोणी कांदा कापून तळपायाला चोळत होतं. दोन्ही मुली दाराशी उभ्या होत्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन दिवस झाले जी," भीमराव म्हणाले. "पन गोळी चुकू देली नाई. तोंडात राहत नवती तं चमच्यात घोळून देली. तुमी लिवलं होतं ना, कधीही चुकवाची नाई."

मी विचारलं, पोटात काय गेलंय. भीमराव म्हणाले, थोडं वरण-भात, अळणी.

"अळणी काहून?"

"तान देल्ला ना जी. वहीत लिवलं होतं देवरावजीनं. मलेबी पटलं. मी रोज झाडाइले देतो, मले काय समजत नाई?"

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मीठ आणि पाणी कमी झालं की शरीर लिथियम धरून ठेवतं. आठ-दहा दिवस ते साचत गेलं होतं, आणि वरून आम्ही चमच्यानं घालत होतो. गावाच्या चौकात आमच्या खात्याची जीप फवारणीचे डबे घेऊन उभी होती. मी ड्रायव्हरला कोणाचा हुकूम आहे ते सांगितलं नाही, कारण कोणाचाच नव्हता. डब्यांच्या मधे चादर घालून विमलताईंना ठेवलं. सौंसरच्या दवाखान्यात सलाइन लावली आणि ती धरूनच नागपूर गाठलं. डीडीटीच्या वासानं मी आणि भीमराव दोघं खोकत होतो. त्या जीपबद्दलच मला नंतर मेमो आला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

डॉक्टरांनी आधी गोळी बंद केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चार दिवस काही सांगता येणार नाही. वाचल्या तरी बोलणं-चालणं पहिल्यासारखं होईल की नाही, तेही नाही." भीमराव वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की सलाइन चालू आहे. ते म्हणाले, "ते बोलन ना जी पुन्यांदा? लेकराइले गाने शिकवते ते." मी हो म्हणालो. खोटंच बोललो.

दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याला गेलो, देवरावजींना सावध करायला. मला वाटत होतं तेही असेच पडलेले असतील. ते ओसरीवर बसले होते, उतरलेले, दाढी वाढलेली, पण हात स्थिर. मी सगळं सांगितलं.

मग म्हणाले, "मले काही झालं नाई, कारन मी गोळीच घेत नवतो. तिलेबी तान देल्ला होता. ते लिवाची लाज वाटली. आन लिवलं तव्हा मी चार दिवस झोपलो नवतो, भाऊ. आमच्या भिंतीवरच्या झोपेच्या रेघा मीच पुसून टाकल्या होत्या."

त्यांची बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "मी सांगत होती का हे लिवनं बरं नाई. पन मले वाचता येत नाई, तं माह्यं कोन आयकते?"

देवरावजींनी त्या दिवसापासून गोळी पुन्हा सुरू केली. पण विमलताई शुद्धीवर येईपर्यंत ते जेवले नाहीत असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, आणि पाणी मात्र तिनं त्यांना समोर बसून पाजलं.

वही तेव्हा तिगावला रामदासजींकडे होती. फाटकाच्या खोलीत त्यांनी ती मला दिली आणि ती अकरा पानं काढून दाखवली. वहीतली पानं मी पहिल्यांदा वाचली ती तिथं, उभ्या उभ्या. अक्षर पहिल्या पानावर सुबक होतं. अकराव्यावर एका ओळीत चारच शब्द मावत होते. पुढचं पान विमलताईंच्या अक्षरातलं होतं. ते मी उलटलं नाही. नियम तेव्हाही पाळला. रामदासजी माझ्याकडे बघत राहिले, पण काही बोलले नाहीत, तसे ते फार बोलतच नसत.

विमलताई सहाव्या दिवशी नीट बोलल्या. पहिलं वाक्य मुलींच्या शाळेबद्दल होतं. मी रुग्णालयाच्या आवारात जाऊन लिंबाच्या झाडाखाली रडलो, हे लिहायला आज मला लाज वाटत नाही. हाताची थरथर काही प्रमाणात कायमची राहिली. गावात ऊन लागल्याचीच बातमी होती. ती आम्ही कोणी बदलली नाही, त्यामुळे बालवाडी टिकली.

वहीचं पुढं काय झालं ते आधी सांगतो. डॉक्टर म्हणाले, बंद करा. मी तिघांना विचारलं. तिघांनीही नाही म्हटलं, आणि देवरावजींनी नवा नियम दिला. कोणीही काही लिहायच्या आधी पानाच्या डोक्यावर काल किती तास झोप झाली तो आकडा पाहिजे, आणि तो आकडा लिहिणाऱ्यानं नाही, घरच्या माणसानं टाकायचा. घरच्याला लिहिता येत नसेल तर रेघा ओढायच्या. देवरावजींच्या पानांवर त्यांच्या बायकोच्या रेघा असत, जाड आणि कडक. दोन-तीन रेघांच्या पानावर काहीही शहाणपण असो, ते कोणी करायचं नाही, फक्त त्या माणसाला नागपूरला न्यायचं. आणि बारा सूचनांखाली मी कारणं लिहिली. मीठ-पाण्याच्या सूचनेला मी अख्खं पान दिलं. वही भरली, दुसरी आली, दुसरीही भरली. माणसं तिनाची सात झाली.

मागच्या वर्षी माझ्या पुतण्यानं मला मोबाइलवर असाच एक गट दाखवला. शेकडो माणसं, हाच आजार, एकमेकांना धीर देतात, डॉक्टर येऊन शिकवतात, घरबसल्या. मला हेवा वाटला. एका माणसाचा लांबलचक मजकूर होता, औषधाऐवजी काय करावं याचा, फार ठाम आणि फार सुंदर. खाली लोकांनी हात जोडले होते. मी पुतण्याला म्हणालो, "याला विचार, काल किती झोपला?" त्याला वाटलं मी थट्टा करून राहिलो.

आता राहिलेली गोष्ट.

विमलताई घरी आल्यावर पंधराएक दिवसांनी मी मोहगावला गेलो. वही परत द्यायची होती. त्यांनी चहा आणला. बशी हातात खडखडत होती, म्हणून भीमरावांनी ती घेतली. मी म्हणालो, देवरावजींना फार वाईट वाटतं आहे, ते येऊन माफी मागणार आहेत.

"त्याइले काहून माफी?" विमलताई म्हणाल्या. "ते तं आजारी होते. मी तुमाले विचारलं होतं ना."

मी म्हणालो, मला कधी विचारलं?

त्यांनी वही घेतली, उघडली आणि माझ्यापुढं धरली. अकरा पानांनंतरचं ते पान होतं.

"मलेरियाभाऊले विचारायचं आहे," असं त्यावर वरच लिहिलं होतं. खाली बालवाडीची अडचण, नाल्यापलीकडे जाण्याची, सगळी होती. मग लिहिलं होतं: "देवरावजी म्हणतात तसं पाणी आणि मीठ कमी केलं तर चालेल का? भाऊंनी पहिल्या पानावर वेगळं लिहिलं आहे. तोंडानं विचारायला बरं वाटत नाही, म्हणून इथं विचारते. भाऊ सांगतील तसं करीन." त्याच्याखाली रामदासजींची एक ओळ होती. "भाऊंना विचारलं ते बरं केलं."

मी म्हणालो, "ताई, मी वाचत नव्हतो. तोवर एकही पान वाचलं नव्हतं. मी तसं सांगितलं होतं."

"कधी सांगतलं?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या खरंच आठवून पाहत होत्या. मीही आठवून पाहिलं. बायकोला सांगितलं होतं. डॉक्टरांना सांगितलं होतं. ज्यांची वही होती त्यांना सांगितल्याचा एकही प्रसंग मला आठवेना, आणि तो आजही आठवत नाही.

"लिवून मी तुमच्या हातात वही देल्ली," विमलताई म्हणाल्या. "पुढच्या खेपेले तुमी आले. मी वाट पायली. तुमी चहा पेले, भिंत पायली, पावसाचं बोलले आन गेले. मंग मी याइले म्हनलं, भाऊ काही बोलले नाई, म्हनजे बराबर असन. त्याच दिवसापासून सुरू केलं."

त्या खेपेला मी पावसाचंच बोललो होतो. यंदा मृग वेळेवर लागेल असं म्हणालो होतो, आणि त्या माझ्या तोंडाकडे का बघत आहेत हे मला कळलं नव्हतं.